लिंकन, केनेडी आणि शून्याचं वर्ष: एका ॲक्च्युअरीचं उत्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. लिंकन आणि केनेडी यांच्यातल्या साम्यांची जी यादी वर्षानुवर्षं फिरते आहे ती कितपत खरी, शेवटी शून्य असलेल्या वर्षी निवडून आलेला अमेरिकी अध्यक्ष पदावर असतानाच मरतो, या ‘टेकुम्सेच्या शापा’ची शक्यता गणिताने किती निघते, आणि २०४० साली जो कोणी निवडून येईल त्याने धास्ती घ्यावी का.

मी पेशाने ॲक्च्युअरी, म्हणजे विमा कंपनीसाठी जोखमीचं गणित मांडणारा. कोण किती जगेल यावर कंपनीचे पैसे लावणं हा आमचा धंदा. त्यामुळे या प्रश्नाकडे मी एखादा विम्याचा प्रस्ताव टेबलावर आल्यासारखा बघतो. तसं बघितलं की या सगळ्यात एक गोष्ट खरोखर डोळ्यांत भरते, आणि गंमत म्हणजे ती यादीतही नाही आणि शापातही नाही. तिच्याकडे येऊच. आधी यादी.

यादीतली बरीच कलमं खरी आहेत. लिंकन १८४६ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून आले, केनेडी १९४६ मध्ये. अध्यक्षपदाची निवडणूक जिंकली ती १८६० आणि १९६० मध्ये. दोघांवर शुक्रवारी गोळी झाडली गेली, १४ एप्रिल १८६५ आणि २२ नोव्हेंबर १९६३ रोजी. दोघांनाही मागून, डोक्यात, पत्नी शेजारी बसलेली असताना. दोघांच्या जागी आलेले उपाध्यक्ष जॉन्सन आडनावाचे, एकाचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा १९०८ चा. लिंकन यांना मारलं फोर्ड नाट्यगृहात, केनेडी बसले होते फोर्ड कंपनीच्या लिंकन गाडीत. केनेडींच्या सेक्रेटरीचं नाव एव्हलिन लिंकन, हेही खरं.

मग मीठमसाला सुरू होतो. लिंकन यांच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी होतं आणि त्याने ‘नाटकाला जाऊ नका’ म्हणून बजावलं होतं, असं यादी सांगते. लिंकन यांचे सेक्रेटरी जॉन निकोले आणि जॉन हे. केनेडी नावाचा सेक्रेटरी त्यांच्या कार्यालयात सापडत नाही. मारेकऱ्यांचे जन्म १८३९ आणि १९३९ चे म्हणतात. ऑस्वल्डचा १९३९ चा बरोबर आहे, बूथचा मात्र १० मे १८३८. ‘एकाने नाट्यगृहात गोळी झाडली आणि तो गोदामात सापडला, दुसऱ्याने गोदामातून झाडली आणि तो थिएटरात सापडला’ हे वाक्य ऐकायला झकास आहे. ऑस्वल्डपुरतं ते जमतं: पाठ्यपुस्तकांच्या गोदामाच्या इमारतीतून गोळ्या, मग सिनेमागृहात अटक. बूथला मात्र बारा दिवसांनी व्हर्जिनियातल्या एका शेतावरच्या तंबाखूच्या कोठारात घेरून मारलं. त्या कोठाराला गोदाम म्हणायचं ते फक्त वाक्य जुळावं म्हणून.

पण खोटी कलमं काढून टाकली की प्रश्न मिटला, असं नाही. खरी कलमंही कशी निवडली आहेत ते बघायला हवं, आणि त्यासाठी अक्षरांच्या कलमांइतकी चांगली जागा नाही. लिंकन आणि केनेडी, इंग्रजीत सात-सात अक्षरं. ठीक. आता तोच नियम मारेकऱ्यांना लावा: बूथ पाच, ऑस्वल्ड सहा. जुळत नाही. मग तिथे मधल्या नावासकट सगळं नाव घेतलंय: जॉन विल्क्स बूथ आणि ली हार्वे ऑस्वल्ड, पंधरा-पंधरा. हा नवा नियम जॉन्सनांना लावावा, तर लिंडन यांचं मधलं नाव बेन्स आणि अँड्र्यू यांना मधलं नावच नाही. म्हणून त्यांच्यापुरतं फक्त नाव आणि आडनाव: तेरा-तेरा. आडनाव दोघांचं एकच, त्यामुळे प्रत्यक्षात जुळतात ती सहा-सहा अक्षरांची दोन नावं. नाव-आडनावाचा हाच नियम घेऊन अध्यक्षांकडे परत या: एब्राहम लिंकन चौदा, जॉन केनेडी अकरा. म्हणजे तीन जोड्यांना तीन वेगवेगळे नियम, आणि प्रत्येक ठिकाणी नियम ठरलाय तो उत्तर बघून. आमच्याकडे दाव्यांची आकडेवारी कोणी अशी मांडली तर त्याला फाइल घेऊन घरी पाठवतात.

शंभर वर्षांच्या फरकाचंही तेच, जरा वेगळ्या वाटेने. अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि शंभरला चारने भाग जातो. त्यामुळे विसाव्या शतकातल्या कुठल्याही निवडणुकीच्या बरोबर शंभर वर्षं मागे एक निवडणूक असतेच. १८३२ चे जॅक्सन आणि १९३२ चे फ्रँकलिन रूझवेल्ट, १८६८ चे ग्रँट आणि १९६८ चे निक्सन, १८८० चे गारफिल्ड आणि १९८० चे रेगन. या जोड्यांबद्दल कोणी अवाक होत नाही. शिवाय १८४६ आणि १९४६ शेजारीशेजारी ठेवले की दोघांची कारकीर्द समांतर गेल्याचा भास होतो, तो निव्वळ भास आहे. लिंकन एकच मुदत काँग्रेसमध्ये होते, नंतरचा बराच काळ इलिनॉयमध्ये वकिली केली, १८५८ मध्ये सिनेटची जागा हरले. केनेडी सलग तीनदा प्रतिनिधीगृहावर आणि मग सिनेटवर निवडून गेले.

आणि जॉन्सन? इथे यादी एक माणूस गायब करते. १८६० मध्ये लिंकन यांच्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून निवडून आले ते मेन राज्याचे हॅनिबल हॅम्लिन. अँड्र्यू जॉन्सन आले १८६४ च्या निवडणुकीत, कारण यादवी युद्ध चालू असताना उत्तरेच्या उमेदवाराला युनियनशी, म्हणजे अखंड संघराज्याशी, निष्ठावान असा दक्षिणेतला माणूस बरोबर हवा होता, आणि टेनेसीचे जॉन्सन तसे होते, तेही विरोधी पक्षातले. १९६० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींना टेक्सास आणि दक्षिणेतली मतं हवी होती, म्हणून लिंडन जॉन्सन. उत्तरेच्या माणसाने दक्षिणेचा जोडीदार घेणं ही अमेरिकी राजकारणाची नेहमीची बेरीज-वजाबाकी आहे. दोघांचं आडनाव एक निघालं एवढाच काय तो योगायोग, आणि जॉन्सन हे तिकडे आपल्याकडच्या पाटलांइतकं सर्रास आढळणारं आडनाव.

माझ्या मते याहून घट्ट जमणारी, खोटं एकही कलम नसलेली जोडी दुसरीच आहे, आणि तिची यादी मला आजवर कोणी पाठवलेली नाही. जेम्स गारफिल्ड आणि विल्यम मॅकिन्ली.

दोघेही जन्माने ओहायोचे. दोघेही रिपब्लिकन. दोघेही यादवी युद्धात ओहायोच्या पलटणींत लढलेले. दोघेही प्रतिनिधीगृहात होते, एकाच काळात होते, आणि गारफिल्ड यांनी सोडलेली कर-समितीवरची जागा मॅकिन्लींनाच मिळाली. इंग्रजीत आडनावं आठ-आठ अक्षरांची. एक १८८० मध्ये निवडून आले, दुसरे १९०० मध्ये (दुसऱ्यांदा). दोघांवर मुदतीच्या पहिल्याच वर्षात, सार्वजनिक जागी, अगदी जवळून पिस्तुलाने दोन-दोन गोळ्या झाडल्या. दोघांच्याही बाबतीत एक गोळी किरकोळ, दुसरी धडात खोल शिरलेली. दोघेही जागच्या जागी गेले नाहीत, आणि दोघांनीही प्राण सोडला तो सप्टेंबरमध्ये: १९ सप्टेंबर १८८१ आणि १४ सप्टेंबर १९०१. दोन्ही मारेकरी तिथल्या तिथे पकडले गेले, खटला चालला, देहदंड झाला. दोघांच्या जागी आलेले उपाध्यक्ष न्यूयॉर्कच्या राजकारणातले: चेस्टर आर्थर आणि थिओडोर रूझवेल्ट.

आता यातलं निव्वळ काकतालीय किती, ते चाळून बघू. १८६८ ते १९२० या काळात निवडून आलेल्या अध्यक्षांपैकी ग्रँट, हेझ, गारफिल्ड, बेंजामिन हॅरिसन, मॅकिन्ली, टॅफ्ट आणि हार्डिंग असे सात जण ओहायोत जन्मलेले आहेत. ओहायो मोठं राज्य, मतं इकडे किंवा तिकडे झुकणारी, म्हणून रिपब्लिकन पक्ष तिथला माणूस शोधे; त्या पिढीचा माणूस म्हटलं की तो युद्धात लढलेला असणारच; आणि न्यूयॉर्कची भरघोस मतं हातची जाऊ नयेत म्हणून उपाध्यक्ष तिथला. हेझ यांचे व्हीलर, बेंजामिन हॅरिसन यांचे मॉर्टन, टॅफ्ट यांचे शर्मन, सगळे न्यूयॉर्कचेच. म्हणजे माझ्या यादीतली निम्मी कलमं ही एका पक्षाची तिकीटवाटपाची पद्धत आहे. उरतात अक्षरं आणि सप्टेंबर. तरीही ही यादी फिरत नाही, कारण गारफिल्डसाठी आज कोणाचा जीव तुटत नाही. ज्यांच्या मरणाचा धक्का ओसरलेला नसतो त्यांच्याभोवतीच माणसं खुणा शोधत बसतात. केनेडींची यादी त्यांच्या हत्येनंतर वर्षभरातच छापून येऊ लागली होती, यात नवल नाही.

आजवरचे अध्यक्ष म्हणजे ४५ माणसं. त्यांच्या जोड्या होतात ९९०. प्रत्येकाच्या चरित्रात तारखा, गावं, आडनावं, नातेवाईक, सेक्रेटरी, गाड्या, कुत्री मिळून हजारो तपशील. यातून पंधरा-वीस साम्यांची एकही जोडी निघाली नसती, तर ते आश्चर्य. १९९२ मध्ये ‘स्केप्टिकल इन्क्वायरर’ या अमेरिकी नियतकालिकाने वाचकांसाठी असल्या साम्यांची स्पर्धाच ठेवली होती. एकाने अध्यक्षांच्या वीसहून अधिक जोड्यांच्या याद्या करून पाठवल्या. दुसऱ्याने केनेडींची जोडी थेट मेक्सिकोचे अध्यक्ष अल्वारो ओब्रेगॉन यांच्याशी लावून दाखवली. ओब्रेगॉन यांची हत्या १९२८ ची, आणि त्यांच्या आडनावाचीही इंग्रजी अक्षरं सातच!

वाढदिवसांचा हिशोब तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. ४५ माणसांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के असते, आणि अध्यक्षांत तशी जोडी आहेही: पोक आणि हार्डिंग, दोघे २ नोव्हेंबरचे. मृत्यूच्या तारखाही अशाच जुळतात: फिलमोर आणि टॅफ्ट ८ मार्चला, ट्रूमन आणि फोर्ड २६ डिसेंबरला.

४ जुलै मात्र मी या ढिगात टाकणार नाही. जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघेही ४ जुलै १८२६ रोजी वारले, अमेरिकी स्वातंत्र्याच्या ज्या जाहीरनाम्याच्या घडणीत दोघांचा हात होता त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने. ॲडम्स ९० वर्षांचे, जेफरसन ८३ चे. पाच वर्षांनी मन्रोही ४ जुलैलाच गेले. ॲडम्स आणि जेफरसन त्या दिवसाची वाट बघत तग धरून होते असं म्हणतात, आणि शेवटच्या घटकेला आलेला म्हातारा माणूस एखाद्या दिवसासाठी थोडा थांबतो, असं डॉक्टर आणि नर्स मंडळीही सांगतात. तसं असलं तरी एकाच वर्षी दोघांनी जाणं उरतंच. हा योगायोग अस्सल, आणि तो कुठल्याच मालिकेत बसत नाही. चौथे अध्यक्ष मॅडिसन १८३६ मध्ये २८ जूनला गेले, सहा दिवस आधी.

आता शाप. टेकुम्से हा शॉनी जमातीचा पुढारी. इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याने १८११ मध्ये टिपेकनूच्या लढाईत त्याच्या लोकांचा पराभव केला, १८१३ मध्ये टेकुम्से लढताना मारला गेला, आणि पुढे हाच हॅरिसन त्या लढाईच्या नावाने प्रचार करून १८४० ची निवडणूक जिंकला. शपथेनंतर महिनाभरात तो मेला. शापाचा उल्लेख त्या काळच्या कागदपत्रांत नाही. गोष्ट मागाहून चिकटवलेली आहे. पण मालिका खरी आहे: १८४० हॅरिसन, १८६० लिंकन, १८८० गारफिल्ड, १९०० मॅकिन्ली, १९२० हार्डिंग, १९४० रूझवेल्ट, १९६० केनेडी. सातही जण पदावर असताना गेले.

वीस वर्षांचं गूढ आधी सोडवू. निवडणूक चार वर्षांनी, आणि शून्य दर दहा वर्षांनी. चार आणि दहा यांचा लसावि वीस. संपला विषय.

शक्यतेचा आकडा तुम्हाला हवाय, तर असा काढू. १८४० ते १९६० या काळात ३१ निवडणुका झाल्या. ‘या निवडणुकीचा विजेता पुढे कधीतरी पदावर असताना वारला’ अशी खूण करत गेलो तर १३ निवडणुकांवर खूण पडते. आठच माणसं, पण खुणा तेरा, कारण लिंकन आणि मॅकिन्ली दोन-दोनदा जिंकले आणि फ्रँकलिन रूझवेल्ट चारदा. शापाचा नियम नेमका असाच सैल आहे हे लक्षात घ्या: लिंकन १८६० च्या मुदतीत मेले नाहीत, १८६४ च्या मुदतीत मेले; रूझवेल्ट १९४० च्या नाही, १९४४ च्या. नियम कडक केला, म्हणजे ‘त्याच मुदतीत मृत्यू’ असा, तर सातांपैकी पाचच उरतात. तरी सैल नियमच घेऊ. ३१ निवडणुकांतून कोणत्याही ७ डोळे मिटून उचलल्या आणि सातही खुणेच्या निघाल्या, याची शक्यता सुमारे दीड हजारात एक.

दीड हजारात एक ऐकून दचकायला होतं. खरी मेख पुढे आहे. वीस वर्षांची साखळी सुरू करायला पाच जागा आहेत: १८४० पासून, १८४४ पासून, १८४८ पासून, १८५२ पासून, १८५६ पासून. यातली कुठलीही जुळली असती तर तिला कोणाचा तरी शाप मिळालाच असता. म्हणजे तीनशेत एक. बारा, सोळा, चोवीस वर्षांच्या साखळ्याही होत्या. मृत्यूऐवजी महाभियोग, राजीनामा, पराभव, पत्नीचा किंवा मुलाचा मृत्यू असलं काहीही मोजता आलं असतं. शिवाय सुरुवात १८४० पासून का? १८०० चे जेफरसन आणि १८२० चे मन्रो सुखरूप निवृत्त झाले म्हणून. वर एक सुटलेला धागा: झॅकरी टेलर १८४८ मध्ये निवडून आले आणि १८५० मध्ये पदावरच वारले, त्यांना शापात जागा नाही, म्हणून त्यांचं नाव कोणी घेत नाही. हे सगळं जमेस धरलं की ‘तीनशेत एक’मधला तीनशे हा आकडा झपाट्याने खाली येतो, आणि कुठे थांबवायचा ते सांगता येत नाही.

शापवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो बहुतेक शंकेखोर लोक सोयीस्करपणे गाळतात. ही मालिका केनेडींनंतर शोधलेली नाही. १९४० ची निवडणूक येण्याआधीच अमेरिकी वृत्तपत्रांतल्या अजब-पण-खरं छापाच्या मजकुरात ती आलेली होती. म्हणजे त्यानंतरच्या निवडणुका हे खरंखुरं भाकीत होतं, आणि भाकीत तपासायला कोणाचीच हरकत नसावी. १९४०: रूझवेल्ट, जुळलं. १९६०: केनेडी, जुळलं. १९८०: रेगन यांना १९८१ मध्ये गोळी लागली, पण ते आठही वर्षं पुरी करून गेले. २०००: धाकटे बुश, आठ वर्षं पुरी. २०२०: बायडन, मुदत पुरी करून २० जानेवारी २०२५ ला पायउतार. पाचांत दोन. हे चांगलं की वाईट, ते समजायला एक आकडा लागतो: शाप नसता तर साधारण किती जण पदावर मेले असते? तिथेच ती गोष्ट आहे जिचा मी सुरुवातीला उल्लेख केला.

त्याआधी एक किस्सा सांगायलाच हवा. ३० जानेवारी १८३५. अँड्र्यू जॅक्सन कॅपिटॉलमध्ये एका काँग्रेस सदस्याच्या अंत्यविधीहून बाहेर येत होते. रिचर्ड लॉरेन्स नावाच्या रंगाऱ्याने काही पावलांवरून त्यांच्यावर पिस्तूल झाडलं. पिस्तुलाचा बार पेटवणारी टोपी फुटली, पण आतली दारू पेटली नाही. त्याने दुसरं पिस्तूल काढलं. तेही फुसकं गेलं. हवा दमट होती, तेव्हा दारू सर्दावली असावी असं मानतात. म्हातारे जॅक्सन काठी उगारून त्याच्या अंगावर धावले. दोनांतलं एक पिस्तूल जरी चाललं असतं, तर पदावर मेलेला पहिला अध्यक्ष १८२८ आणि १८३२ चा विजेता ठरला असता आणि शापाची गोष्ट जन्माला आलीच नसती. ट्रूमन यांच्यावर १९५० मध्ये, फोर्ड यांच्यावर सप्टेंबर १९७५ मध्ये सतरा दिवसांत दोनदा हल्ले झाले. यातलं कोणीही शून्याच्या वर्षी निवडून आलेलं नव्हतं. शाप मोजतो ते फक्त नेम लागलेले.

आता तो आकडा. अध्यक्षांचे तीन गट पाडा. वॉशिंग्टनपासून व्हॅन ब्युरनपर्यंत आठ जण: पदावर मेलेले शून्य. हॅरिसनपासून केनेडींपर्यंत, म्हणजे १८४१ ते १९६३, २६ माणसं: त्यांतली आठ पदावर मेली, चार खुनाने आणि चार आजाराने. लिंडन जॉन्सनपासून आजपर्यंत अकरा जण: पुन्हा शून्य. २६ मध्ये ८ म्हणजे सुमारे ३१ टक्के! एवढा मृत्युदर असलेल्या नोकरीचा गट-विमा मी कुठल्याही हप्त्यावर घेतला नसता. आणि मग साठ वर्षांहून अधिक काळ एकही दावा नाही. जुना दर चालू राहिला असता तर अकराच्या अकरा वाचण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. गटांच्या सीमा मीही आकडे बघूनच आखल्या आहेत, तेव्हा हा दोन टक्क्यांचा आकडाही चिमूटभर मीठ लावूनच घ्या. पण इथे एक फरक आहे. इथे दर का बदलला याची कारणं दाखवता येतात. अक्षरांच्या कलमांत ती दाखवता येत नाहीत.

म्हणजे पाचांत दोन हे भाकीत जुन्या दराच्या मानाने काहीच विशेष नाही. १८४१ ते १९६३ च्या काळात कोणाही अध्यक्षावर बोट ठेवलं असतं तरी तिनात एक नेम लागला असता. दर घसरला, आणि शापही त्याबरोबर गेला.

कारणं बघा. हॅरिसन न्यूमोनियाने गेला असं शाळेत शिकवलं जायचं: गार दिवशी कोटाशिवाय पावणेदोन तास भाषण केलं म्हणून. पण आजार सुरू झाला भाषणानंतर तीन आठवड्यांनी. व्हाइट हाउसला पाणी ज्या झऱ्यावरून येई त्याच्या वरच्या अंगाला शहराचा मैला टाकला जाई, आणि हॅरिसनचा आजार टायफॉइडच्या जातीचा असावा, असं अलीकडे काही वैद्यक-अभ्यासकांनी मांडलंय. टेलरही पोटाच्याच विकाराने गेले. सांडपाण्याची नीट व्यवस्था झाली आणि हे कारण संपलं.

गारफिल्ड यांची केस तर कुठल्याही विमा कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने वाचावी अशी. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर पाठीत गोळी लागली. गोळी अशा ठिकाणी रुतली होती की तशीच ठेवली तर आज त्या जखमेने सहसा कोणी मरत नाही. पण एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि सळया जखमेत घालून ती शोधली. ब्रिटिश सर्जन लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत युरोपात रुळली होती, अमेरिकेतले बरेच नामांकित डॉक्टर अजून ती हसण्यावारी नेत होते. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने गोळी हुडकायला धातूशोधक यंत्र बनवून आणलं. प्रमुख डॉक्टर ब्लिस यांनी ते फक्त उजव्या बाजूला फिरवू दिलं, आणि गोळी होती डावीकडे. गादीच्या लोखंडी स्प्रिंगांनीही यंत्राला चकवलं. जखमेत पू झाला, शरीरभर विष पसरलं, आणि ७९ दिवसांनी सगळं संपलं. त्या वेळी स्थानकावर रॉबर्ट लिंकन हजर होता, एब्राहम यांचा मुलगा. १९०१ मध्ये मॅकिन्लींना गोळी लागली तेव्हाही तो नेमका बफेलोत पोचत होता. यावरूनही गूढकथा रचतात, पण गारफिल्ड यांचा तो युद्धमंत्री होता, तेव्हा पहिल्या ठिकाणी त्याचं असणं ओघानेच आलं.

याच्या शेजारी रेगन ठेवा. ३० मार्च १९८१, वय ७० वर्षं, गोळी हृदयापासून जेमतेम इंचभर अंतरावर, निम्म्याहून अधिक रक्त गेलेलं. मिनिटांत रुग्णालय, रक्त, शस्त्रक्रिया. ११ एप्रिलला घरी. जखम गारफिल्डपेक्षा वाईट होती. शंभर वर्षांपूर्वीचे डॉक्टर असते तर रेगन शापाच्या यादीत आठवे असते.

रूझवेल्ट यांचं कारण आणखी साधं. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासलं तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता, हृदय थकलेलं होतं. त्या वेळी रक्तदाबावर चालणारी धड गोळीच नव्हती. असा प्रस्ताव आज टेबलावर आला तर मी आधी औषधं सुरू करायला सांगेन. तेव्हा मात्र हा माणूस चौथ्यांदा निवडणुकीला उभा राहिला. १९५१ मध्ये २२ वी घटनादुरुस्ती आली आणि दोनदाच निवडून येता येईल असं ठरलं, म्हणजे आजारी माणसाने खुर्चीत झिजत राहण्याची मुदतही कमी झाली. संरक्षणाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच: सिक्रेट सर्व्हिस अध्यक्षांना नियमित पहारा देऊ लागली ती मॅकिन्लींच्या हत्येनंतर, आणि अध्यक्षांच्या उघड्या मोटारी डॅलसमधल्या केनेडींच्या हत्येनंतर बंद झाल्या.

तर २०४०. शून्याकडे मी बघणार नाही, जन्मतारीख मागेन. सर्वसाधारण अमेरिकी पुरुषाच्या तक्त्यावर ५५ व्या वर्षी खुर्चीत बसणाऱ्याला चार वर्षांत मरणाची जोखीम तीन-चार टक्के. ७८ व्या वर्षी बसणाऱ्याला ती ढोबळमानाने पाचांत एकाच्या आसपास जाते. दिमतीला चोवीस तास डॉक्टर असल्यामुळे अध्यक्षांसाठी ती काहीशी कमी धरावी लागेल. बायडन २०२१ मध्ये आणि ट्रम्प २०२५ मध्ये शपथ घेताना ७८ वर्षांचे होते. म्हातारा म्हणून ज्याची चेष्टा झाली तो हॅरिसन शपथेच्या दिवशी ६८ चा होता. पक्षांनी अशीच वयं पुढे केली, तर पदावरचा पुढचा मृत्यू कुठल्याही वर्षी निवडून आलेल्याचा असू शकतो.